नायट्रोजनच्या डब्यातलं रक्त

"दौंड एक. सुट्टे द्या."

"पोत्यात कांदं हायती, पाय देऊ नका."

"कारखाना यंदा लवकर बंद करणार म्हनं."

पाटसला एक म्हातारा चढला आणि सुषमाच्या पुढच्या बाकावर, पुण्याहून येणाऱ्या आपल्या मुलाशेजारी रिकाम्या झालेल्या जागेत बसला.

"रविराज, राजनंदिनीच्या रक्ताचं लॅबनं काय सांगितलं?"

"घेतलंच न्हाई, आप्पा. बर्फावाणी कडक झालं व्हतं."

"कशानं?"

"नायट्रोजनच्या डब्यातनं नेलं. शिरूरच्या डेअरीत आमी वळूच्या बियाच्या कांड्या त्यातच ठेवतो. वर्षं वर्षं जित्या राहत्यात. म्हटलं, रक्तबी राहील."

"तुझी बहीण काय गाय हाय व्हय रं?"

"पेशी फुटल्या, म्हणाल्या लॅबच्या बाई. नागिणीच्या जातीचा व्हायरस असला, तर त्याचं प्रोटीन पांढऱ्या पेशीत असतंय. अँटिबॉडी टाकली की ती त्यालाच चिकटती, मग दिसतंय. पेशीच न्हाई, तर चिकटंल कशाला?"

"दुसरं रक्त काढू."

"दवाखान्यात फोन केला. तिच्या पांढऱ्या पेशी कालपासनं पार उतरल्यात. तपासाया पुरायच्या न्हाईत."

"मग औषध द्या म्हणावं."

"कुठलं? अंगानं नवी किडनी झिडकारू नये म्हणून गोळ्या चालू हायती; ताप व्हायरसचा असंल, तर त्या कमी करायच्या. अंगानं किडनीच झिडकारली असंल, तर वाढवायच्या. चुकलं तर ती जाती."

"मग डॉक्टर काय करत्यात?"

"अंदाज."

"आईला डब्याचं सांगू नगंस."

"सांगितलं."

"काय म्हणली?"

"जेवलास का, म्हणली."

सुषमा केडगावला चढली, तेव्हा या मुलानं तिला जागा दिली नव्हती. बहिणीला किडनी दिलीय, टाके ओढतात, असं तो म्हणाला होता.