गाण्यातलं नाव

जव्हारच्या दवाखान्यात माझ्या बाजूला एक म्हातारा बसला होता. त्याची लेक वॉर्डातून बाहेर आली.

"हर्षदा, आई बोलली का?"

"नाही बाबा. तीन दिवसांनी डोळे उघडले आणि गाणंच म्हणाली. गौरीनाचातलं."

"नाव घालतात ते?"

"हां."

"पाड्यावरच्या पोरी त्यात आपल्या आवडत्या पोराचं नाव घालायच्या. तिनं कुणाचं घातलं?"

"बाबा, चहा आणू?"

"नाव सांग."

"सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाही."

"सुकऱ्याचं ना? सूर्यमाळच्या?"

"तिनं परत डोळे मिटलेत, बाबा. कितीदा हाक मारली, उघडतच नाही."

"मीपण मारली सकाळी."

"मग आता काय करू?"

"सुकऱ्याला फोन लाव. नंबर आहे माझ्याकडे."