पाटीवरची सरकारी फुली

...नाही नाही, आत या, आत या, आमच्याकडे कुणी गेलेलं नाही! सगळे जिवंत आहेत. मी जिवंत आहे, ती आत डाळीचं सारण परततेय ती माझी बायको सुआन नेओ, ती तर माझ्यापेक्षा जास्त जिवंत आहे, आवाज ऐकाल तेव्हा कळेल... बसा. आणि तो दुखवट्याच्या पैशांचा पांढरा लिफाफा आधी खिशात घाला बघू! तुमची चूक नाही, चूक त्या पाटीवरच्या फुलीची. आता पेनांगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पाटीवर पांढऱ्या कागदाची फुली म्हणजे घरात मयत. पण ही कागदाची नाही हो! लाकडाची आहे! चांगल्या चेंगल लाकडाची, आठ स्क्रू मारून बसवलेली, शंभर वर्षं हलायची नाही... आणि सरकारी पैशातून!

तुम्हाला सांगतो, बरं चाललं होतं. छप्पर गळायचं, नाही असं नाही, भिंतीला पिंपळ फुटला होता, पण लग्न ठरलं की मुलाकडून मुलीकडे पाठवायची सोयरिकीची बिस्किटं आजोबांपासून याच भट्टीतून जातात. अर्ध्या गावाची लग्नं या डाळीच्या सारणावर जुळलीत! तर एक दिवस जुन्या पेठेच्या वारसा समितीचं पत्रक आलं, की बाबांनो, जुनी दुकानं मूळ रूपात आणा, निम्मा खर्च सरकारचा. मी म्हटलं, नको. सरकारने मला आजवर दंड सोडून काही दिलेलं नाही, आता एकदम अनुदान म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार. तर ही आतून ओरडली, "अहो, सरकार देतंय ना? मग आपलं काय जातंय!"

आपलं काय जातंय! हे वाक्य लक्षात ठेवा.

समितीची बाई आली, पुआन रोहायू. वयाने माझ्या धाकटीएवढी, गोड मुलगी, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणाली, "अंकल, दुकानाचा जुना फोटो हवा. फोटोत जसं असेल अगदी तस्संच करून मिळेल." मी पेटी उघडली, तळाशी एक फोटो निघाला. खालचा अर्धा वाळवीने खाल्लेला. वरच्या अर्ध्यात छप्पर, दोन खिडक्या आणि आमची पाटी. पाटीवर ही फुली! आता तुम्ही विचाराल, बून टाट, तुला फुली दिसली नाही? अहो, चष्मा कपाळावर होता आणि चष्मा शोधत होतो मी! ही म्हणाली, "द्या की, जुनाच आहे, आपलं काय जातंय!" दिला.

मग आठ महिने दुकानावर हिरवं कापड. आठ महिने मी मागच्या गल्लीत, गटाराशेजारी टेबल टाकून बिस्किटं विकली, कोंबड्यांच्या संगतीत. आणि ज्या दिवशी कापड उतरलं... काय दुकान दिसत होतं महाराज! नवी कौलं, चुन्याचा गिलावा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत, आजोबा हवे होते असं वाटलं. मग नजर खाली आली आणि पाटीवर थांबली. मी म्हटलं, हे काय? मुनियांडी सुतार शिडीवरून उतरत होता, म्हणाला, "अंकल, नकाशात फुली होती, मी फुली लावली. हत्ती असता तर हत्ती लावला असता!" आणि वर म्हणतो, "रंधा बघा कसा मारलाय!" आता रंधा उत्तम मारला होता, त्याला काय बोलणार?

दुसऱ्याच दिवशी ऊईकाकू आल्या. ऐंशी वर्षांच्या, नातवाची सोयरीक ठरलेली, दोनशे डब्यांची ऑर्डर तोंडी पक्की. रस्त्याच्या पलीकडेच थबकल्या, वर बघितलं आणि मग असा चेहरा करून आल्या... "अरे बून टाट! कधी रे? आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस!" मी म्हटलं, काकू, कुणी गेलेलं नाही. "असू दे, असू दे, पहिले काही दिवस असंच वाटतं." लिफाफा माझ्या हातात कोंबला! मी परत दिला, त्यांनी परत कोंबला. तेवढ्यात ही आतून बाहेर आली, धडधाकट, हातात लाटणं! काकूंनी हिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी सगळी कहाणी सांगितली, अनुदान, फोटो, वाळवी. शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "पटतंय रे मला. पण फुलीखालून आलेली बिस्किटं मी होणाऱ्या सुनेच्या घरी कोणत्या तोंडाने पाठवू?" दोनशे डबे गेले. मला वाईट वाटलं ते याचं, की चूक त्यांची नव्हती. मीसुद्धा घेतली नसती! त्या हंगामात चाळीस ऑर्डरी असायच्या तिथे तीन आल्या, त्यातल्या दोन माझ्याच मेहुण्यांच्या. रोज पेटणारी भट्टी दिवसाआड पेटायला लागली.

गेलो समितीत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत! पुआन रोहायूने सगळं ऐकलं, तिला कळलंही, ती पेनांगचीच. म्हणाली, "अंकल, चूक झाली, मान्य. पण मंजूर नकाशात फुली आहे. दहा वर्षं दर्शनी भागाला हात लावायचा नाही, नाहीतर सगळं अनुदान परत. फुलीशिवायच्या पाटीचा जुना फोटो आणा, मी लगेच फाइल पाठवते." एवढंच ना! पळत घरी आलो, सगळ्या नातेवाइकांच्या पेट्या उपसल्या. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा मला माझ्या खानदानाचा स्वभाव कळला. आमच्यात लग्नाला फोटोवाला कोण बोलावणार? लग्नात खर्च जेवणावर! पण मयताला सगळं घराणं दुकानासमोर उभं करायचं, मधे शवपेटी ठेवायची आणि फोटो काढायचा, हा नेम. तीन फोटो सापडले. पणजोबा गेले तेव्हाचा, आजी गेली तेव्हाचा, मोठे काका गेले तेव्हाचा. तिन्हीत फुली! शंभर वर्षांत आमच्या घरात आनंदाचा एक फोटो कुणी काढलेला नाही हो!

ही म्हणाली, "द्या तिन्ही. शवपेटी दिसतेय ना सरळ? आंधळ्यालाही कळेल. आपलं काय जातंय!"

दिले. दोन महिन्यांनी समितीचं पत्र आलं, शिक्क्यासकट. मला पाठच आहे. "आपण सादर केलेल्या तीन वेगवेगळ्या वर्षांच्या छायाचित्रांचा समितीने काळजीपूर्वक अभ्यास केला. शवपेटी प्रत्येक छायाचित्रात निराळी आहे, सबब ती तात्पुरती होय. फुली मात्र तिन्हींत तीच आहे, सबब ती इमारतीचा मूळ व कायमस्वरूपी भाग असल्याचे निर्विवाद सिद्ध होते. मोलाच्या पुराव्याबद्दल समिती आपली आभारी आहे." घ्या! म्हणजे आधी निदान संशय तरी होता, तो मी स्वतः तिथे नेऊन मिटवला!

मग आमच्या चिनी नववर्षाला मी युक्ती केली, पाटीवर शुभाचं लाल कापड सोडलं. चांगलं रुंद, फुली पार झाकली. दोन दिवस काय गिऱ्हाईक होतं! तिसऱ्या दिवशी नोटीस, वारसा मूल्य झाकल्याबद्दल. आणि त्याच महिन्यात आमच्या दुकानाला बक्षीस मिळालं बरं का, पेठेतलं सर्वांत अस्सल काम म्हणून! पर्यटक येतात, फुलीखाली उभे राहून हसत हसत फोटो काढतात. बिस्किटं घेत नाहीत, फोटो काढतात.

तर असं आहे. दहा वर्षं, त्यातलं एक गेलं. मी आता एकाहत्तर. परवा सुआन नेओला म्हटलं, अगं, नऊ वर्षं म्हणजे काय थोडी झाली, मधेच मी गेलो तर? तर कणकेचा हातही न थांबवता म्हणते कशी, "मग काय, फुली तयारच आहे. आपलं काय जातंय!" मी म्हटलं, अगं, माझंच जातंय! पण रात्रभर विचार केला आणि तुम्हाला सांगतो, खरी गोम पुढेच आहे. ज्या दिवशी मी खरोखरचा जाईन ना, त्या दिवशी कुणीतरी भला माणूस रस्त्यात थांबेल, पाटीकडे बघेल, टोपी काढेल, डोळे पुसायला घेईल... आणि शेजारचा त्याला हाताला धरून पुढे नेईल, म्हणेल, "चला हो, तिथे काय रडताय? ते सरकारी काम आहे!"