हाय का नाय

आमी मूळचे नेऱ्याच्या पुढचे, डोंगराखाली घर, बापाची भातशेती, आता तिथं कोना मुंबईवाल्याचं फार्महाऊस झालंय नि माझा भाऊ त्याच्याच गेटवर बसतो, पन ते जाऊ द्या ताई, तुमी मला दवाखान्याचं इचारत होता. सरकारी दवाखाना, कुठला ते लिवू नका. मी तिथं चौकशीच्या खिडकीवर बसते. ठेकेदाराची मानूस मी, कायम नाय. खिडकीवरच्या बाईला सगळी दुनिया इचारते, डॉक्टर आले का, एक्स-रे कुठं, पानी कुठं, नि त्या बाईला सांगायला मात्र कोन येत नाय, ही गंमत हाय बघा.

आधी असं नव्हतं. आधी मोठ्या सिस्टर होत्या, त्या रोज सकाळी दार उघडायच्या आधी आमाला सगळ्यांना, झाडूवाल्या बायका, वॉचमन, मी, ड्रेसिंगच्या खोलीत बोलवायच्या नि सांगायच्या, आज हाडांचे डॉक्टर रजेवर हायेत, आज खोकल्याचं औषध संपलंय, लोकांना तसं सांगा. चहा प्यायला येळ लागतो तेवढंच ते काम. एकदा एक गडी खिडकीतून हात घालून माझ्या अंगावर आला, तर सिस्टर आल्या नि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, त्याला म्हनाल्या, ही माझी बाई आहे, काय बोलायचं ते माझ्याशी बोला. काय सांगू तुमाला, त्या दिवशी मी कोनाला म्हंजे कोनाला टाकून बोलले नाय, आपसूकच दादा, बाबा, मावशी असं यायला लागलं तोंडातून. पाठीवर हात असला का जीभ गोड होते, दुसरं काय नसतं त्याच्यात.

त्या रिटायर झाल्या. नवीन साहेब आले, मानूस वाईट नाय, खोटं कशाला बोलू, पन त्यांचं सगळं मोबाईलवर. कोन आलंय, कोन रजेवर हाय, ते ग्रुपवर टाकतात नि त्या ग्रुपवर आमी ठेक्याचे नाय. मी म्हनाले, साहेब, मला पन घ्या ना त्याच्यात, तर म्हनाले, तो स्टाफचा ग्रुप आहे. आता मी स्टाफ नाय तर मग कोन, पेशंट?

मग मी वर फोन लावायची. वर ओवे गावचा गनपत शिपाई, आमच्यासारकाच बोलतो. नि त्यो फोन असा खरखरतो का ऐकू येतं फक्त आय, आय. मी इचारनार, सोनोग्राफीच्या मॅडम हायेत का, नि त्यो हाय बोलला का नाय बोलला ते देवाला ठावूक. शिकलेल्यांचं बरं असतं, आहे नि नाही, कोन चुकंल? आमचं हाय नि नाय, एका अक्षराचा फरक, नि नेमकं तेच अक्षर फोन खातो. बदला हो त्यो फोन, बदला, सांगून सांगून जीभ झिजली.

एक दिवस कर्नाळ्याच्या बाजूची म्हातारी आली, बरोबर सून, दिवस भरत आलेले, सोनोग्राफी करायची होती. मी फोन लावला, मला वाटलं गनपत नाय बोलला. मी म्हनाले, मावशी, मॅडम नाय आज, उद्या या. म्हातारी परत आली, बाय, नीट बघ ना गो. तेवढ्यात साहेब सगळ्या लोकांसमोर मला बोलून गेले, ही खिडकी आहे, मासळीबाजार नाही, नीट शुद्ध बोलायला शिका. माझं डोकं नुसतं भनभनत होतं, नि म्हातारी पुन्यांदा आली, नि मी वरडले, बहिरी हायस का, नाय म्हंजे नाय! म्हातारी सुनेला घेऊन बाकड्यावर जी बसली ती उठलीच नाय. दुपारी मॅडम जिन्यावरून खाली उतरल्या. सकाळपासून वरच बसलेल्या.

माझं वरडनं कोनीतरी मोबाईलवर घेतलेलं, ते त्याच दुपारी गेलं साहेबांकडं. साहेब म्हनाले, ठेकेदाराला सांगून दुसरी बाई मागवतो. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घर माझ्यावर चाललंय. त्यांनी म्हातारीला केबिनमधी बोलवलं, मला समोर उभी केली. सांगा आजी, ह्या तुमच्यावर ओरडल्या का?

म्हातारी बोलली, वरडली तर. अशी वरडली का माझी सून दचकली.

मी मनात म्हनाले, झालं, संपलं.

मग म्हातारीनं पदर सावरला नि बोलली, पन साहेब, सकाळपासून इथं माझ्याशी बोलली ती ही एकटीच.

साहेब मान खाली घालून मोबाईल बघत राहिले. मी बाहेर आले नि परत खिडकीवर जाऊन बसले, दुसरं कुठं जानार.

म्हातारीची सून सुखरूप मोकळी झाली म्हने, मुलगी झाली, सुखात राहू देत बाबा सगळी. मी रोज जाते. ठेकेदार गप, साहेब गप. दुसरी बाई येनारे का मलाच ठेवलंय, अजून कोनी सांगितलं नाय, रोज दार वाजलं का मान वर करून बघते, नवी बाई आली का. नि इचारायचं तरी कोनाला ताई, चौकशीच्या खिडकीवर तर मीच बसते.