सुमनताई नाताळला का येत नव्हती

यंदा नाताळला आम्ही कोणालाच काही दिलं न्हाई, त्याचं कारण आमची जाफराबादची सुमनताई. दोन वर्षं ती जालन्याला आमच्याकडं आलीच न्हाई. मी दर नाताळला तिला भारी साडी, लेकरांना कपडे घ्यायचो. यंदा घड्याळ घेऊन मीच तिच्या घरी गेल्तो. तिनं डबी उघडलीबी न्हाई.

"शमू, तू एवढा खर्चा करतो, मंग मला रिकाम्या हातानं यायची लाज वाटते."

मी डबी परत पिशवीत टाकली अन् म्हणलं, "ताई, मेंढपाळ प्रभूला पाहायला रिकाम्या हातानंच गेल्ते. यंदा कोणीच काही आणायचं न्हाई, मीबी न्हाई."

ताई चार दिवस आधीच आली. आल्या आल्या माझ्या बायकोला म्हणाली, "सरक जरा, करंज्या मी तळते."