सीझननंतरची तारीख

नौपाड्यातल्या हाडांच्या दवाखान्यात काउंटरवर बसलेल्या रुचिताला समोरच्या बाकावरचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. मोहने गावच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर केनेथ टीमच्या जुन्या चाहत्याला, तानाजीकाकांना, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला घेऊन आलेला.

"काका, या महिन्यातच उरकून टाका."

"आणि स्पर्धा? येत्या रविवारी सुरू होतेय ना?"

"त्यात काय बघायचंय? गेल्या वर्षी आपण दोनच गोल मारले. त्यातला एक आपल्याच जाळ्यात."

"पण फटका काय होता रे!"

"माहितीय. माझ्याच डोक्यावरून गेला."

"या वर्षी नवीन कोच आलाय म्हणे."

"तो मीच, काका. दुसरं कोणी तयारच होईना."

"मग तर चान्स आहे!"

"अहो, उगाच आशा लावून बसू नका. लोक विचारतात, कप आणणार का? मी म्हणतो, आधी अकरा जण तर आणू दे."

"ऑपरेशन काय, कधीही होईल. पण नेमके तुम्ही जिंकलात आणि मी खाटेवर पडलेलो असलो तर?"

केनेथ काकांना हात देऊन काउंटरपाशी घेऊन आला.

"काका, कधीची तारीख देऊ?" रुचिताने विचारलं.

"सीझन संपल्यावरची."

"कधी संपतो?"

"नॉकआउट आहे, मॅडम. हरलो की संपला," केनेथ म्हणाला. "सोमवारची द्या."

"फायनल दिवाळीच्या आदल्या रविवारी आहे," काका शांतपणे म्हणाले.

रुचिताने केनेथकडे पाहिलं. तो मान खाली घालून एक्स-रेची पिशवी चाचपत होता.

"दिवाळीनंतरची लिहा," तो म्हणाला.