म्हशीला लागतो आईचा आवाज

चहात दूध लई झालं म्हणताव ना? ती अण्णांची, म्हंजी आमच्या वडलांची करामत हाय.

मागं आई चौसाळ्याला माहेरी गेलती, तर म्हैस पान्हाच सोडंना. अण्णांनी पेंड घातली, पाठ खाजवली, समदं करून झालं. शेवटी आईला फोन लावला अन् स्पीकर चालू करून म्हशीच्या कानाला धरला.

“सोड गं माझी बाई,” आई लाडानं म्हणली. म्हैस ढिम्म!

मग आईनं अण्णांला इचारलं, “तुळशीला पाणी घातलं का?”

“इसरलो की.”

आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला अन् म्हशीनं बादली भरली!

आता आई घरीच हाय. तरी धारेच्या वक्ताला अण्णा चिखलाच्या चपला घालून सैपाकघरातून चक्कर मारतेत.

आज तुमी येणार म्हणून दोन मारल्या.