गोदामावशीने भरलेली बाटली

गोदामावशीची आठवण निघाली की मला हापशीचंच पाणी आठवतं. सरकारने आमचा जिल्हा फोडून चार नवे जिल्हे केले, त्या साली आमच्या भीमपूरकडच्या गावात हापशीच्या पाण्याला औषधासारखा वास येऊ लागला. पोरं आजारी पडली. संशय शेजारच्या रंगाच्या कारखान्यावर. माझ्या दुकानात बसून मी अर्जांवर अर्ज लिहिले, तेव्हा कुठे पाणी तपासणारे साहेब आले. हापशी मावशीच्या घरामागे, परसदारी. साहेब बाटली भरायला उठले, तर तिने हातातून ओढूनच घेतली. "पाव्हण्यानं पानी भरावं काय? बसा तुमी!"

पुढे अहवाल आला : पाणी पिण्यास योग्य. कारखान्यावाले खूश, आम्ही चक्रावलो.

मी विचारलं, "मावशे, पानी भरलं कुठून व्हतं?"

"मळ्यातल्या विहिरीतून. काऊन?"

"अवं, हापशीचं पायजे व्हतं!"

"वा शेटजी! पाव्हण्याला वास मारतं पानी देऊ?"

तिकडे नव्या जिल्ह्यांमध्ये दफ्तरांची वाटणी चाललेली, साहेब बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात निघालेले. मी उटनूरपर्यंत जाऊन त्यांना गाठलं, हात जोडले, अन् जाण्याआधी एकदा परत आणलं. या खेपेला मावशीने हापशीचं पाणी बाटलीत भरलं, तेही तोंड फिरवून.

पाणी नापास झालं. कारखान्याचा नाला बंद झाला. आनंदाने मी गावात पेढे वाटले. मावशीने मात्र पेढा परत केला.

"गावाचं पानी खराब म्हनून सरकारी कागदावर लिवलं," ती म्हणाली, "अन् तुमी पेढे वाटून राह्यले?"